पाहुण्याला दिलेल्या तिसऱ्या

शेवंताकाकीचं मनगट त्या वर्षात दुसऱ्यांदा मोडलं, आणि तेही काय करताना, तर अर्धी कळशी उचलताना. ती पडली नव्हती, घसरली नव्हती, कुणी तिला धक्काही दिला नव्हता. कळशी उचलली आणि हाड मोडलं, बस. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं की काकीच्या अंगात कॅडमियम नावाचा धातू गेलाय. तो मूत्रपिंडात (रक्त गाळून लघवी तयार करणाऱ्या अवयवात) साठतो, मग शरीरातला चुना लघवीवाटे निघून जातो आणि हाडं ठिसूळ होतात. हा धातू बहुतेक खाण्यातूनच आला असणार, असंही त्या म्हणाल्या.

आता काकी खाते ते काय? भात आणि खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे चिखलात सापडणारे शिंपले. वेळगवे गावात सगळेच तेवढं खातात.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात शाळेच्या फलकावर सरकारी अहवाल झळकला. ‘वेळगवे खाडी. नमुने बारा. सर्व स्वच्छ. शुद्धीकरण यादीत घेण्याची गरज नाही. हरकत असल्यास शुक्रवारी सूर्यास्तापर्यंत कळवावे.’

सुरंगी कुबलने तो तीनदा वाचला. सुरंगी अकरा वर्षांची, सहावीतली, आणि एखादी गोष्ट पटली नाही की ती जेवत नाही अशी तिची ख्याती. खाडी स्वच्छ असेल तर काकीच्या अंगात धातू आला कुठून? आकाशातून पडला? तिचा काकीवर फार जीव होता. चिखलात उभं राहून पायाच्या बोटांनी तिसरी कशी ओळखायची, हे तिला आईने नाही, काकीने शिकवलं होतं. त्या काकीला आता स्वतःची वेणीही घालता येत नव्हती. दिवस होता मंगळवार, म्हणजे हातात चार दिवस होते.

अहवाल लिहिणारा अजून गावातच होता. तो होता एक यंत्रमानव, खेकड्यासारखा सहा पायांचा, कासवाएवढ्या उंचीचा. त्याचं कागदोपत्री नाव ‘नमुना संकलक सात’, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? पोरांनी त्याचं नमू करून टाकलं आणि बायका त्याला पावणो म्हणजे पाहुणा म्हणायच्या. तो आला त्या दिवशी मोठ्या ऐटीत खाडीत उतरला आणि दहा पावलांत पोटापर्यंत रुतला. चार बायकांनी दोर लावून त्याला ओढून काढला, धुतला, पुसला आणि उन्हात वाळत ठेवला. त्यानंतर शहाण्यासारखा त्याने नियम सांगितला की नमुने गावातल्या लोकांकडून घेतले तरी चालतात. मग दुसऱ्या दिवशी सुरंगीच्या आईने बारा पिशव्या तिसऱ्या त्याच्यापुढे आणून ठेवल्या. आई गावातल्या तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची म्होरकी होती, तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

शाळा सुटल्यावर सुरंगी त्याच्यासमोर जाऊन बसली. नमू व्हरांड्यात पाठीवरची सौरपट्टी उलगडून ऊन खात पडला होता. तिने काकीची सगळी हकीकत सांगितली आणि वर विचारलं की तुझं यंत्र बिघडलंय का. नमूला राग येत नसे, त्यामुळे त्याने शांतपणे आपली क्ष-किरणांची नळी तपासून दाखवली. वस्तूवर क्ष-किरण टाकले की प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या तऱ्हेने चमकतो, त्यावरून धातू कोणता आणि किती ते कळतं. नळी चोख होती.

“पण तुमच्या खाडीत कॅडमियम सापडेल अशी माझीही अपेक्षा होती,” नमू म्हणाला. “म्हणूनच मला पाठवलं.”

मग त्याने जुनी गोष्ट सांगितली, ती सुरंगीने तुकड्यातुकड्याने ऐकलेली होती. खाडीच्या खालच्या अंगाला तीस वर्षांपूर्वी रंगद्रव्यांचा (रंग बनवायच्या भुकटीचा) कारखाना होता. पिवळा, केशरी, लाल असे भडक रंग तिथे तयार व्हायचे आणि त्या रंगांत कॅडमियम असायचं. उरलासुरला गाळ पिंपांत भरून त्यांनी तिथेच काठावर पुरला. पुढे कारखाना बुडाला, मालकांनी यंत्रं विकली, कंपनीच बंद करून टाकली आणि सगळे पांगले. पिंपं मात्र राहिली, आणि लोखंड किती वर्षं टिकणार? गावातले लोक त्या जागेला रंगकाठ म्हणायचे, कारण तिथला चिखल अजूनही पिवळसर होता.

“अशा कचऱ्याला आम्ही बेवारस कचरा म्हणतो (ज्याचा मालक आता सापडत नाही असा धोक्याचा कचरा). मालक सापडला तर त्याच्याकडूनच सगळा खर्च वसूल करायचा, हा पहिला नियम. पण सापडलाच नाही तर?”

सुरंगी म्हणाली, सरकारने करावा. नमूने विचारलं की सरकारकडे पैसे येतात कुठून. लोकांकडूनच ना? म्हणजे तुझ्या आईकडून, शेवंताकाकीकडून. नफा नेला कारखान्याने आणि चिखल उपसायचे पैसे द्यायचे काकीने, हे बरं दिसेल का? सुरंगीला ते मुळीच बरं दिसलं नाही.

म्हणून काही वर्षांपूर्वी प्रदूषण कर सुरू झाला होता. जे कारखाने धोक्याचा माल बनवतात किंवा वापरतात, त्यांनी दर किलोमागे थोडी रक्कम बाजूला काढायची. ती स्वच्छता निधीत (एकाच कामासाठी राखून ठेवलेल्या पैशांच्या साठ्यात) जाते आणि बेवारस कचरा उपसायलाच वापरली जाते. रस्ते बांधायला नाही आणि पुतळे उभारायला तर नाहीच नाही.

इथे सुरंगीचं डोकं अडलं. हे अन्यायाचं नाही का? घाण केली त्या बुडालेल्या कंपनीने आणि भुर्दंड आजच्या कारखान्यांना? त्यांनी बिचाऱ्यांनी वेळगवे पाहिलेलंही नसेल. नमूच्या साठवणीत उत्तर होतं, पण ते बावीस पानांचं होतं आणि अकरा वर्षांच्या मुलीला कुठून सुरुवात करून सांगावं हे त्याला सुचेना.

उत्तर सुरंगीलाच सापडलं. वेळगव्याच्या किनाऱ्यावर रापण लागायची. रापण म्हणजे समुद्रात सोडून गावाने मिळून दोरांनी ओढायचं भलंमोठं जाळं. मासळी आली की वाटे पडायचे, पण सगळ्यात आधी एक वाटा जाळ्याचा निघायचा. त्या वाट्यातून फाटलेलं जाळं शिवलं जायचं. परवा कोण खडकावरून ओढत होता आणि जाळं कुणाच्या पायात अडकून फाटलं, याची चौकशी कधीच होत नसे. जो दोर ओढून मासळी नेतो, त्याच्या मासळीतून जाळ्याचा वाटा निघतोच.

तिने हे सांगितल्यावर नमूची सौरपट्टी हलली. तो खूश झाला की तसं करायचा. “अगदी हेच. धोक्याचा माल वापरून जे आज कमावतात, ते सगळे एकच जाळं ओढताहेत. ते कुठेतरी फाटणारच. फक्त एक फरक आहे. इथे जो जास्त विषारी माल वापरतो, त्याचा वाटा जास्त निघतो.”

आणि त्यातून आणखी एक गंमत होते, असं तो म्हणाला. कॅडमियमवर कर लागल्यामुळे कॅडमियमचा पिवळा रंग महाग झाला. मग रंगवाल्यांनी डोकं चालवलं आणि कमी धोक्याचे पिवळे रंग शोधून काढले, कारण त्यांवर कर जवळजवळ नव्हता. म्हणजे जुनी घाण उपसली जाते आणि नवी घाण मुळातच कमी होते. सुरंगीला हे फार आवडलं. पण आवडून काय उपयोग? निधीतला पैसा यादीतल्या जागांनाच मिळायचा आणि वेळगवे यादीत नव्हतं, कारण नमुने स्वच्छ होते.

बुधवारभर ती त्या नमुन्यांमागे लागली. तिला वाटलं, चोर सापडला. तिसऱ्या काढल्या की बायका त्या रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवतात, म्हणजे त्या पोटातली वाळू ओकून टाकतात आणि दाताखाली कचकच येत नाही. त्या पाण्यातच विष निघून गेलं असणार! ती धापा टाकत नमूकडे आली. नमूने तिला नीट समजावलं की वाळू निघते, चिखल निघतो, पण धातू निघत नाही. तिसरी दिवसभर पाणी आत ओढते आणि गाळून बाहेर सोडते, तेच तिचं जेवण. पाण्यातला धातू तिच्या मांसात मुरतो आणि साठत जातो. याला जैवसंचय म्हणतात (सजीवाच्या अंगात एखादा पदार्थ थोडाथोडा साचत जाणं). तो एका रात्रीत सुटत नाही, महिने लागतात.

सुरंगी हिरमुसली. मग नमूने सहज म्हणून विचारलं की या तिसऱ्या एवढ्या मोठ्या कशा, त्याच्या माहितीत एवढ्या मोठ्या तिसऱ्यांची नोंद फार कमी आहे.

आणि सुरंगीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

एवढ्या मोठ्या तिसऱ्या खाडीत एकाच ठिकाणी मिळतात. वरच्या अंगाला, जिथे डोंगरावरचा ओढा येऊन मिळतो, त्या गोडीकाठावर. तिथे होडीने जावं लागतं. बाजारात न्यायच्या तिसऱ्या बायका तिथूनच आणतात. रंगकाठाला कुणी जात नाही, तिथल्या तिसऱ्या बारीक आणि कडसर असतात. तिने घरी जाऊन आईला थेट विचारलं. आई विळीवर बसून मासे साफ करत होती. तिने मान वर न करताच उत्तर दिलं, आणि तिला त्यात काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं.

“अगो, पावण्याक कोण रंगकाठच्यो तिसऱ्यो देता?”

झालं! बाराच्या बारा पिशव्या गोडीकाठच्या होत्या. सरकारचा पाहुणा दारात आलाय, खाडीतलं काहीतरी द्या म्हणतोय, म्हणजे त्याला निवडून, धुऊन, वाळू काढून उत्तम तेच द्यायचं. नमुना म्हणजे वाईट असेल तर वाईट द्यायचं, हे वेळगव्याच्या कुठल्याही बाईच्या मनातसुद्धा येणं शक्य नव्हतं. नमूला हे कळलं तेव्हा त्याने चूक स्वतःच्या नावावर नोंदवली. मी कुठल्या खाडीतलं एवढंच विचारलं, कुठल्या काठाचं हे विचारलं नाही, असं त्याने लिहिलं.

मग अडचण उरली कसली, असं तुम्ही म्हणाल. रंगकाठच्या तिसऱ्या द्यायच्या आणि मोकळं व्हायचं. पण ते इतकं सोपं नव्हतं. नवे नमुने द्यायचे तर गावातल्या बायकांची संमती लागायची, कारण खाडी यादीत गेली की सफाई होईपर्यंत तिथली एकही तिसरी विकायला बंदी, अगदी गोडीकाठचीसुद्धा. शुक्रवारी दुपारी मासळी सुकवायच्या खळ्यात पंधरा बायका जमल्या. नमू मध्ये आणि सुरंगी त्याच्या शेजारी.

बायका काही मूर्ख नव्हत्या. रंगकाठ खराब आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण हे बोललं की बाजारात बोभाटा होतो आणि चांगला मालही कुजतो, हेही ठाऊक होतं. म्हणून इतकी वर्षं कुणी तोंड उघडलं नव्हतं. एकीने विचारलं, सफाईला किती वर्षं लागतील. नमू म्हणाला, सात. खळ्यात कुजबुज झाली. दुसरीने विचारलं, तोवर खायचं काय. नमूने सांगितलं की चिखल उपसायचं, काठावर तिवरांची (खारफुटीची) झाडं लावायचं काम गावातल्याच लोकांना द्यायचं आणि त्याची मजुरी निधीतून द्यायची, असा नियम आहे. हा चिखल तुमच्या पायांना माहीत आहे, मला नाही, मी तर पहिल्याच दिवशी रुतलो, असंही तो म्हणाला. एकदोघी हसल्या.

सुरंगीची आई हसली नाही. सात वर्षांनी बाजार आमच्या तिसऱ्या पुन्हा घेईल का, असं तिने विचारलं.

“ते मला मोजता येत नाही,” नमू म्हणाला. “खोटं सांगणार नाही.”

आईने मान हलवली. पोरीचं शिक्षण व्हायचंय, होडीचे हप्ते आहेत, पंधरा घरांची चूल तिच्या शब्दावर होती. ती वाईट बाई नव्हती हो, घाबरलेली होती. ती म्हणाली की आहे ते चाललंय, चालू दे. सुरंगीला रडू आलं. तिने काकीचं नाव घेतलं, पण सगळ्या खाली बघत राहिल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. शेवंताकाकी आली होती. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. गोडीकाठच्या होडीपर्यंत चालणं गुडघ्यांमुळे तिचं केव्हाच सुटलं होतं, त्यामुळे ती आता बायकांच्या मंडळात मोजली जात नसे. एक हात गळ्यात अडकवलेल्या झोळीत होता, दुसऱ्या हाताने तिने पदराखाली एक डबा धरला होता. तिने तो नमूपुढे ठेवला. आत वाटीभर तिसऱ्या होत्या, बारीक, काळपट, शिजवलेल्या. तिचं दुपारचं जेवण होतं ते. तिचं घर रंगकाठाला लागून होतं आणि दारातल्या चिखलात बसल्या बसल्या मिळेल ते ती काढायची.

“माझ्याकडे कधी पावणो येणा नाय,” ती नमूला म्हणाली. “तुका बघूचा आसा तर ह्या बघ. मी रोज ह्याच खातंय.”

नमूने नळी पुढे केली. पंधरा बायका आणि एक मुलगी त्या इवल्याशा पडद्याकडे बघत होत्या. आकडा चढत गेला, पिवळा झाला, लाल झाला आणि तरी चढतच राहिला. खाण्याला चालेल त्याच्या नऊ पट, नमूने हळू आवाजात वाचलं. नियमाप्रमाणे त्याने सांगितलं की शिजलेला डबा हा नमुना म्हणून धरता येत नाही, कच्च्या तिसऱ्या हव्यात, संमती हवी आणि सूर्यास्ताला अडीच तास उरलेत. त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

सुरंगी आईकडे बघत होती. आईने तो डबा उचलला, आत पाहिलं, वास घेतला. रोज सकाळी होडीतून पाच टोपल्या चांगल्या तिसऱ्या घेऊन ती याच बाईच्या दारावरून जात होती. काकी काय खाते, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. तिचा चेहरा एकदम उतरला.

“वैनी, आम्ही पावण्याक निवडून दिला,” ती म्हणाली, “तुका मात्र कोणी इचारल्यान नाय.”

तिने डबा बाजूला ओतला, काष्टा खोचला आणि रंगकाठाची वाट धरली. तिच्यामागे एक उठली, मग दुसरी. थोड्याच वेळात पंधराच्या पंधरा जणी गुडघाभर पिवळ्या चिखलात उभ्या होत्या आणि पायाच्या बोटांनी तिसऱ्या चाचपत होत्या. सुरंगीने पिशव्यांवर जागा आणि वेळ लिहिली, या वेळी काठाच्या नावासकट. या तिसऱ्या कुणी धुतल्या नाहीत, निवडल्या नाहीत. नमूच्या नळीखाली प्रत्येक पिशवीचा आकडा लाल झाला. सूर्य तिवरांमागे जायच्या आधी पंधरा अंगठे नमूच्या पडद्यावर उमटले आणि वेळगवे यादीत गेलं.

बंदी सोमवारपासून लागू होणार होती. पुढे यादीत नाव लागल्याचं पत्र आलं तेव्हा त्यावर खर्चाचा तक्ता होता, आणि पैसा कुठून आला त्या रकान्यात एकशे बेचाळीस कारखान्यांची नावं होती. रंगाचे, बॅटऱ्यांचे, कातड्याचे. त्यांतल्या एकानेही ही खाडी पाहिली नव्हती. सुरंगीने सगळी नावं मोठ्याने वाचून काकीला ऐकवली आणि हे सगळे मिळून आपलं जाळं शिवणार आहेत असं सांगितलं. काकीला ते पटकन समजलं. सात वर्षांनी सुरंगी अठरा वर्षांची होणार होती आणि रंगकाठाच्या चिखलाचा रंग कसा बदलतो ते दर महिन्याला मोजून ठेवायचं काम तिने आत्ताच स्वतःकडे घेतलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की खाणं बदललं तर काकीची हाडं आणखी बिघडणार नाहीत, औषधाने थोडी भरूनही येतील.

नमू रविवारी सकाळच्या बसने निघाला. बायका त्याला निरोप द्यायला थांब्यावर आल्या. जाणाऱ्या पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? आईने त्याच्या पाठीवर प्रयोगशाळेसाठीचा सीलबंद डबा स्वतःच्या हाताने बांधला. त्यात रंगकाठच्या तिसऱ्या होत्या. त्या दिवशी होडी गोडीकाठाला शेवटची जाऊन आली होती, आणि तिथल्या निवडलेल्या, धुतलेल्या, वाळू काढलेल्या मोठ्या तिसऱ्या शेवंताकाकीच्या घरी शिजत होत्या.